ब्लूटूथच्या सहा आकड्यांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलला लॅपटॉप, घड्याळ किंवा गाडीतील ध्वनियंत्रणा बिनतारी जोडताना अनेकदा पडद्यावर सहा आकड्यांची एक संख्या उमटते आणि तिच्याखाली ‘जोडायचे का?’ असा प्रश्न येतो. गेल्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ आपला फोन लॅपटॉपला जोडत होता. ती संख्या उमटताच त्याने पडद्यावर तळहात धरला, ‘हा ओटीपी आहे, कोणाला दिसता कामा नये’ असे मला बजावले आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे न पाहताच होकाराचे बटण दाबले. त्याची सावधगिरी मनापासूनची होती, पण ती नेमकी उलट्या दिशेची होती. ती संख्या लपवण्यासाठी नसते. ती दोन्ही पडद्यांवर दिसते आणि दोन्हीकडे एकच आहे की नाही हे माणसाने डोळ्यांनी ताडून पाहावे एवढ्यासाठीच दाखवली जाते. ही साधने रोज हाताळणाऱ्या, चार पुस्तके वाचलेल्या माणसालाही हे कोणी सांगितलेले नसते, याची मला त्या दिवसापासून चुटपुट लागून राहिली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी उमेदीची बरीच वर्षे बिनतारी संदेशवहनाचे काम केले. त्या कामात नव्या माणसाला सर्वांत आधी एकच गोष्ट शिकवली जाई : आपण जे बोलतो ते ज्याच्यासाठी आहे त्याच्याखेरीज आणखी कोणीतरी ऐकत आहे, असे धरूनच बोलावे. रेडिओलहरीला पत्ता कळत नाही. अँटेनातून निघालेली लहर चहूकडे पसरते, आणि ती ओळखू शकणारे यंत्र जिथे असेल तिथे ती उमगते. ब्लूटूथ हाही रेडिओच आहे. आपण ‘फोन इअरफोनला जोडला’ असे म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एक अदृश्य तार येते, जिचे एक टोक फोनमध्ये आणि दुसरे कानात आहे. अशी तार कुठेच नसते. फोन त्या खोलीभर, आणि भिंतीपलीकडेही थोडेफार, बोलत असतो. फक्त इअरफोनला ते आपल्यासाठी आहे हे कळते आणि त्याचा अर्थ लावता येतो. त्या दोघांनाच अर्थ का लावता येतो, हा या सगळ्यातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘अंतर कमी असते म्हणून’ असे बहुतेक जण देतात, आणि ते चुकीचे आहे.

आधी ही यंत्रणा कशी चालते ते पाहू. ब्लूटूथ 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करते. हा पट्टा औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय वापरासाठी जगभर मोकळा ठेवलेला आहे आणि तिथे कमी शक्तीची उपकरणे चालवायला प्रत्येक वापरणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. साहजिकच तिथे दाटी आहे : वाय-फाय तिथेच, अनेक बिनतारी माउस आणि कीबोर्ड तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून किंचित निसटणारी ऊर्जाही त्याच सुमारास. या लहरींची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर भरते, म्हणून अँटेना लहान असली तरी भागते आणि ती कानात मावणाऱ्या उपकरणातही बसते. बहुतेक हातातल्या उपकरणांसाठी ठरवून दिलेल्या वर्गात प्रक्षेपणाची कमाल शक्ती अडीच मिलिवॉट असते आणि पल्ला सुमारे 10 मीटर धरला जातो. 100 मिलिवॉटपर्यंतचा एक वर्गही आहे, त्याचा पल्ला मोकळ्या जागेत 100 मीटरच्या घरात जातो. या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात, आणि माणसाचे शरीर बरेचसे पाणीच आहे. फोन मागच्या खिशात ठेवून चालताना इअरफोनचा आवाज मध्येच तुटतो, आणि तोच फोन हातात घेतला की सुरळीत होतो, त्याचे कारण बहुधा एवढेच असते की आपण स्वतःच दोघांच्या मध्ये उभे असतो.

इतक्या दाटीत दोन उपकरणे एकमेकांचे ऐकतात कशी? एका जागी उभे राहून ती बोलतच नाहीत. मूळच्या ब्लूटूथमध्ये हा पट्टा एकेक मेगाहर्ट्झच्या 79 वाहिन्यांत विभागलेला आहे, आणि दोन्ही उपकरणे एकाच वेळी, एकाच क्रमाने, एका वाहिनीवरून दुसरीवर उड्या मारत राहतात. या उड्या सेकंदाला 1600 पर्यंत असतात, म्हणजे एका वाहिनीवरचा मुक्काम अवघा 625 मायक्रोसेकंदांचा. एखाद्या वाहिनीवर दुसऱ्या कोणाचा गोंगाट असला तर तेवढाच तुकडा बिघडतो आणि तो पुन्हा पाठवता येतो. 2003 मधल्या आवृत्तीपासून त्यात आणखी शहाणपण आले : ज्या वाहिन्यांवर वाय-फायसारखे कोणी ठाण मांडून बसले आहे त्या ओळखून उपकरणे त्यांना वगळतात आणि उरलेल्यांवरच फिरतात. 2010 मध्ये आलेल्या, नाण्याएवढ्या बॅटरीवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या कमी ऊर्जेच्या प्रकारात दोन-दोन मेगाहर्ट्झच्या 40 वाहिन्या आहेत, आणि त्यांपैकी तीन ‘मी इथे आहे’ अशी हाळी देण्यासाठी मुख्यतः राखलेल्या आहेत. या तिन्ही वाय-फायच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वाहिन्यांच्या फटींत बसतील अशा बेताने निवडल्या आहेत. हे काम ज्यांनी आखले त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत 1994 मध्ये याप हार्टसेन यांनी यावर काम सुरू केले, 1998 मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या, आणि एकमेकींच्या स्पर्धक असूनही त्यांनी समाईक नियम मान्य केले. दहाव्या शतकात डॅनिश टोळ्यांना एका राज्यात आणणाऱ्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचे नाव या तंत्राला मिळाले ते याच एकत्र आणण्याच्या कल्पनेतून.

वाहिन्यांवरून उड्या मारण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना 1942 मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले, त्यात पाणतीराला दिले जाणारे रेडिओ-आदेश शत्रूला अडवता येऊ नयेत म्हणून ते 88 वारंवारतांवर फिरवण्याची योजना होती. पियानोच्या पट्ट्याही 88 असतात, आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोतल्या छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळीवरूनच त्यांना ती सुचली होती. हा दाखला मी मुद्दाम देत आहे, कारण त्या योजनेचे सारे बळ उड्यांचा क्रम गुप्त राहण्यात होते. ब्लूटूथमध्ये तसे नाही. इथे क्रम मुख्य उपकरणाच्या पत्त्यावरून आणि त्याच्या घड्याळावरून ठरतो, ठरवण्याची रीत जाहीर आहे, आणि चिकाटीने ऐकणाऱ्याला तो क्रम हुडकून काढता येतो. ब्लूटूथच्या उड्या गर्दीतून वाट काढण्यासाठी आहेत. बोलणे लपवण्याचे काम त्या करत नाहीत.

अंतराचेही तसेच. 10 मीटरचा पल्ला म्हणजे अकराव्या मीटरवर लहर संपते असा अर्थ नव्हे. साधारण उपकरणाला, साधारण अँटेनाने, तेवढ्या अंतरापर्यंत नीट ऐकू येते एवढाच त्याचा अर्थ. ऐकणाऱ्याचा कान मोठा असेल तर गोष्ट बदलते. 2004 मध्ये काही संशोधकांनी एकाच दिशेला रोखलेली मोठी अँटेना वापरून दीड किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या एका साध्या फोनशी ब्लूटूथने संपर्क साधून दाखवला होता. त्या फोनमध्ये काहीही बदल केलेला नव्हता. आमच्या कामात याचे कोणालाच नवल वाटले नसते. म्हणून, ‘ब्लूटूथ जवळच्या जवळ चालते, तेव्हा काळजी नको’ हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा अस्वस्थ होतो. संभाषण खासगी ठेवणारी गोष्ट एकच आहे : दोन उपकरणांनी आपसांत ठरवलेली किल्ली. ती किल्ली ठरते पहिल्या जोडणीच्या वेळी, आपण ‘पेअरिंग’ म्हणतो त्या काही सेकंदांत.

पूर्वी ही किल्ली फार कच्ची असे. दोन्ही उपकरणांवर चार आकड्यांचा पिन टाकायचा, आणि अनेक उपकरणांत तो कारखान्यातूनच 0000 किंवा 1234 असा ठरलेला असे. चार आकडे म्हणजे अवघ्या दहा हजार शक्यता. 2005 मध्ये तेल अवीव विद्यापीठातील दोन संशोधकांनी दाखवून दिले की पहिल्या जोडणीचे संभाषण कोणी टिपून ठेवले असेल तर तो पिन साध्या संगणकावर एका सेकंदाच्याही आत काढता येतो. 2007 मधल्या आवृत्तीने ही पद्धत मुळापासून बदलली. आज सर्वत्र वापरात आहे ती रीत त्याच बदलातून आलेली आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे.

प्रत्येक उपकरण स्वतःपुरती एक प्रचंड मोठी यादृच्छिक संख्या निवडते आणि ती कोणालाही सांगत नाही. त्या संख्येवरून ते गणिताने दुसरी एक संख्या काढते. ही क्रिया एका दिशेने सोपी आणि उलट दिशेने व्यवहारात अशक्य असते. ही दुसरी संख्या ते उघड्यावर, सर्वांना ऐकू जाईल अशी, समोरच्याला पाठवते. मग प्रत्येक जण आपली गुप्त संख्या आणि समोरच्याची उघड संख्या यांचा मेळ घालतो, आणि गणिताची किमया अशी की दोघांच्याही हाती एकच उत्तर येते, जे मध्ये ऐकणाऱ्याला सगळे ऐकूनही काढता येत नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी 1976 मध्ये ही कल्पना मांडली. दोन अनोळखी माणसांनी भर सभेत मोठ्याने बोलून आपसांत गुपित ठरवावे आणि सभेतल्या कोणालाही ते कळू नये, असे काही शक्य आहे हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी दोन रात्री तेच गणित मांडत बसलो होतो. ब्लूटूथमधली किल्ली याच तत्त्वावर, लंबवर्तुळीय वक्रांचे गणित वापरून, तयार होते.

पण या रीतीत एक भोक उरते. ती नुसते ऐकणाऱ्याला रोखते. मध्ये येऊन बसणाऱ्याला रोखत नाही. समजा, माझा फोन आणि माझा लॅपटॉप यांच्या मध्ये एक तिसरे यंत्र उभे राहिले. फोनशी ते लॅपटॉप असल्याचे सोंग घेते आणि लॅपटॉपशी फोन असल्याचे. दोघेही त्याच्याशी व्यवस्थित, गणिताने निर्दोष अशी किल्ली ठरवतात, आणि पुढचे सारे बोलणे त्याच्या हातून जाते. यंत्रांना हे ओळखता येत नाही, कारण त्यांच्यासाठी समोरचा म्हणजे फक्त एक संख्या. इथे माणसाची गरज पडते. दोन्ही उपकरणे, देवाणघेवाण झालेल्या उघड संख्या आणि त्या वेळेपुरत्या काढलेल्या नव्या यादृच्छिक संख्या एकत्र करून, त्यांचा सहा आकडी सारांश पडद्यावर दाखवतात. मध्ये कोणी नसेल तर दोघांनी एकाच सामग्रीवरून हिशेब केलेला असतो आणि सारांश जुळतो. मध्ये कोणी असेल तर फोनने पाहिलेल्या संख्या आणि लॅपटॉपने पाहिलेल्या संख्या वेगळ्या असतात, आणि दोन्ही पडद्यांवर सारखेच आकडे येण्याची शक्यता दहा लाखांत एक उरते. मधल्याने हवे ते आकडे जुळेपर्यंत गुपचूप प्रयत्न करत राहू नये, म्हणून एका उपकरणाने आपली ताजी संख्या उघड करण्याआधीच तिच्याशी बांधून घ्यावे, म्हणजे ती मागाहून बदलली तर उघडकीस येईल अशी तिची खूण आधी पाठवावी, अशी अटही त्यात आहे.

यावरून लक्षात येईल की ही सहा आकडी संख्या आणि ओटीपी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ओटीपी गुप्त ठेवायचा असतो. ही संख्या शेजाऱ्याने वाचली तरी काही बिघडत नाही, कारण ती किल्ली नसून दोन्ही बाजूंनी एकच किल्ली ठरल्याची खूण आहे. उलट, ती न वाचता होकार देणे म्हणजे एवढ्या गणिताने माणसासाठी राखून ठेवलेली एकमेव तपासणी वाया घालवणे. (कीबोर्ड जोडताना एका पडद्यावर दिसणारे आकडे कीबोर्डवर टंकायचे असतात, ती वेगळी रीत आहे, तिथले आकडे मात्र इतरांच्या नजरेला पडू न देणेच योग्य.) माझी खरी तक्रार आहे ती पडद्यावरच्या प्रश्नाविषयी. ‘जोडायचे का?’ असे विचारल्यावर जो माणूस जोडण्यासाठीच बसला आहे तो ‘होय’ म्हणणारच. प्रश्न ‘दुसऱ्या पडद्यावरही हेच आकडे दिसत आहेत का?’ असा हवा. काही उपकरणांत तसा तो असतोही. सगळीकडे तो तितकाच स्पष्ट असावा, आणि ज्या भाषेत माणूस फोन वापरतो त्या भाषेत असावा. ही गोष्ट उपकरणे बनवणाऱ्यांना फार अवघड नाही.

इअरफोनसारख्या उपकरणांना पडदा नसतो आणि आकड्यांची बटणेही नसतात. तिथे ताडून पाहण्याची पायरी गाळली जाते आणि जोडणी आपोआप होते. म्हणजे ऐकणाऱ्यापासून संरक्षण मिळते, मध्ये बसणाऱ्यापासून मिळत नाही. म्हणून नवे इअरफोन पहिल्यांदा जोडायचे ते घरी, निवांत जागी. स्थानकात किंवा सभागृहात नव्हे. किल्ली एकदा ठरली की दोन्ही उपकरणे ती साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी तीच वापरतात, म्हणून तर दुसऱ्या दिवशी नुसते झाकण उघडले की इअरफोन फोनला ओळखतात. त्यामुळे काही सेकंदांची ती पहिली जोडणी वर्षानुवर्षे पुरते, आणि महिनोन्‌महिने सुरळीत चाललेले उपकरण एके दिवशी गर्दीत अचानक नव्याने जोडणी मागू लागले तर लगेच होकार न देता घरी गेल्यावर पाहणे बरे. तसेच भाड्याने घेतलेल्या गाडीत किंवा दुसऱ्याला देऊन टाकलेल्या उपकरणात आपली नोंद तशीच राहते. ती दोन्ही बाजूंनी पुसावी लागते.

किल्ली चांगली असूनही नियमांतच फट राहू शकते, याचे उदाहरण 2019 मध्ये समोर आले. जोडलेली दोन उपकरणे प्रत्येक वेळी किल्ली किती लांबीची वापरायची हे आपसांत ठरवतात, आणि ते बोलणे संरक्षित नव्हते. मध्ये ढवळाढवळ करून ती लांबी एका बाइटपर्यंत, म्हणजे अवघ्या 256 शक्यतांपर्यंत, उतरवता येते असे संशोधकांनी दाखवले. त्यानंतर किमान लांबी सात बाइट ठेवण्याची शिफारस झाली आणि कंपन्यांनी दुरुस्त्या पाठवल्या. फोनवर येणारे अद्ययावतीकरण पुढे ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण अशा दुरुस्त्या त्यातूनच येतात.

अंतरावर विसंबण्याचा धोका आणखी एका ठिकाणी दिसतो. फोन जवळ आला की आपोआप उघडणारी कुलुपे आणि गाड्या आता आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत ‘जवळ’ म्हणजे केवळ ‘संदेश पोहोचला’ असे धरलेले असते. एक यंत्र मालकाजवळ आणि दुसरे गाडीजवळ ठेवून मधले संदेश जसेच्या तसे पोहोचवले तर गाडीला मालक शेजारीच आहे असे वाटते. किल्ली न फोडताही हे जमते, आणि 2022 मध्ये ते करून दाखवले गेले. यावर उपाय म्हणजे संदेशाला जायला-यायला लागलेला वेळ मोजणे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो, तेव्हा संदेश दुरून फिरवून आणला तर लागलेला जादा वेळ लपत नाही. अतिविस्तृत पट्ट्याचे रेडिओ असलेली काही उपकरणे हे आधीपासून करतात, आणि 2024 मधल्या ब्लूटूथच्या सहाव्या आवृत्तीत अंतर भरवशाने मोजण्याची सोय आली आहे. जुन्या उपकरणांना ती अर्थातच मिळणार नाही.

या पत्रानिमित्त आपल्याला एक विनंती आहे. तंत्रज्ञानाच्या सदरात नव्या उपकरणांची ओळख करून देताना आवाज, बॅटरी आणि रंग यांच्या जोडीला एक ओळ जोडणीविषयी असावी : हे उपकरण जोडताना आकडे ताडून पाहता येतात की नाही, त्याची साठवलेली नोंद कशी पुसायची, आणि त्याला दुरुस्त्या किती वर्षे मिळणार आहेत. माझ्या भावाने त्याच संध्याकाळी लॅपटॉपवरची आणि फोनवरची नोंद काढून टाकली. मग त्याने फोन हातात घेतला, मी लॅपटॉपसमोर बसलो, आणि आम्ही एकमेकांना सहाही आकडे मोठ्याने वाचून दाखवल्यावरच त्याने होकाराचे बटण दाबले.

आपला,
बिनतारी संदेशवहनाचे काम केलेला एक वाचक